मंगळवारचा खांदा

बाजारात त्याला काटेसाहेब म्हणत. वजनमापे खात्यात निरीक्षक म्हणून त्याला बावीस वर्षं झाली होती आणि त्या बावीस वर्षांत त्याने कुणाचा शब्द पहिल्या फटक्यात खरा मानल्याचं कुणाच्या ऐकिवात नव्हतं. दुकानदार हसून बोलला की हा आधी पारड्याखाली बोटं फिरवून बघे, तिथे मेणाचा गोळा चिकटवलाय का. दुकानदार तोंड पाडून बोलला तरी तेच करी. लग्न दोनदा जुळत आलं होतं. पहिल्या मुलीकडे त्याने जन्मतारखेचा मूळ दाखला मागितला, दुसरीने याच्या शेजाऱ्यांकडे याची चौकशी केली, आणि दोन्ही वेळा बोलणी तिथेच आटोपली. आता तो अठ्ठेचाळीसचा होता आणि घरात तो आणि त्याची थोरली बहीण, दोघंच होती.

ताईपुढे मात्र त्याची मिजास चालत नसे. आई गेली तेव्हा ताई अठराची होती आणि हा बाराचा. त्याच आठवड्यात ती गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात लागली, पुढे तिथेच कापड बेतून कापणारी झाली आणि छत्तीस वर्षं त्या टेबलापाशी उभी राहिली. भावाचं शिक्षण, त्याचे बूट, नोकरीच्या परीक्षेची पुस्तकं, सगळं त्या कात्रीतून निघालं. अख्खा बाजार ज्याला टरकून असे त्याला ती अजून छोट्या म्हणे. उंचीने तो तिच्यापेक्षा दोन बोटं कमी होता, आणि जगातलं तेवढं एकच माप त्याने कधी घेतलं नव्हतं.

तर या ताईचा उजवा खांदा पाच महिन्यांपासून धरला होता. हात कानाच्या वर न्यायला गेलं की कळ यायची आणि कोपरापर्यंत उतरायची. हाडाच्या डॉक्टरांनी फोटो काढले, आत सूज आहे म्हणाले, गोळ्या दिल्या. गोळ्यांनी खांदा सोडवला नाही, पोट मात्र धरलं. आणि कापडाचे तागे असत टेबलाच्या वरच्या फळीवर. पाच महिने शेजारच्या टेबलावरच्या बायका तिला तागा उतरवून देत होत्या. शेवटी सुपरवायझर म्हणाली, "महिनाअखेरपर्यंत बघू या. तोवर तुमचा तागा तुम्हाला काढता आला नाही, तर बटणांच्या टेबलावर बसवावं लागेल."

ताईने हे घरी हसत सांगितलं. पण त्याच संध्याकाळी तिने आपली मोठी कात्री पिशवीतून बाहेर काढली, तिला तेल दिलं, फडक्यात गुंडाळली आणि कपाटाच्या तळाशी ठेवून दिली. काटेसाहेबाने ते पाहिलं. त्याला इतकं वाईट वाटलं की तो उगाचच खिडकीची कडी तपासत उभा राहिला.

सुयांचा रस्ता ताईनेच शोधला. कारखान्यातल्या एकीची कंबर सुया टोचून बरी झाली होती म्हणे. 'म्हणे' हा शब्द आला की काटेसाहेबाचे कान टवकारत. पहिल्या दिवशी तो ताईबरोबर गेला तो वही घेऊनच. दवाखाना दुसऱ्या मजल्यावर, बाहेर एक लांब बाक, आत पांढरा पडदा आणि एक उंच खाट. सुया टोचणारी बाई पन्नाशीची, जाड चष्म्याची, रीतसर डॉक्टर होती. भिंतीवर तिच्या दोन पदव्या टांगलेल्या होत्या. त्याने दोन्हींचे नोंदणी क्रमांक उतरवून घेतले आणि जिन्यात जाऊन फोनवर खातरजमा केली. दोन्ही खरे निघाले. त्याची जरा निराशाच झाली.

ताईचा हात दुखत होता म्हणून फॉर्म त्यानेच भरला. वय, आधीचे आजार, चालू औषधं, सगळं नीट. शेवटचा रकाना होता: 'व्यसनं (तंबाखू, मद्य, चहा, कॉफी, इतर)'. त्याचा पारा चढला. माझ्या ताईला व्यसन? तिथे त्याने ठळक अक्षरात 'कसलंही नाही' असं लिहिलं आणि खाली दोन रेघा ओढल्या.

मग सुईबाईची उलटतपासणी सुरू झाली. मनातल्या मनात तो तिला सुईबाईच म्हणू लागला होता.

"खांद्यात टोचता ते समजलं," तो म्हणाला. "पण दुखतो खांदा आणि सुई पायात? हा कुठला हिशोब?"

"एकच नाही, दोन-तीन आहेत," बाई हात धुता धुता म्हणाली. "सुई टोचून हलके फिरवली की तिथल्या पेशींतून ॲडेनोसीन नावाचं द्रव्य बाहेर पडतं. ते जवळच्या नसेवर जाऊन बसतं आणि दुखण्याचा निरोप तिथेच मंदावतो. हे झालं जवळचं. लांब टोचलं तर ती संवेदना मणक्यातून वर जाते. मग मेंदू आपलीच अफूसारखी द्रव्यं सोडतो आणि वरून खाली हुकूम येतो, की निरोप जरा कमी पाठवा."

"अफू?" त्याने वहीत लिहिलं आणि पुढे दोन उद्गारचिन्हं काढली.

"अफूसारखी. ती शरीर स्वतः बनवतं. त्यांना अडवणारं औषध आधी दिलं, तर काही प्रयोगांत सुईचा आरामही कमी झाला. त्यावरूनच तर हे कळलं."

"आणि खोटीखोटी सुई टोचली तर?"

बाई हसली. "वाचून आलेले दिसता. खोट्या सुईनेही पुष्कळांना बरं वाटतं. खरीने थोडं जास्त. किती जास्त, त्यावर अजून भांडणं चालू आहेत."

"म्हणजे पारड्यात निम्मी हवाच."

"असेलही. ताईंचा हात वर गेला, की हवा किती आणि सुई किती यावर आपण निवांत भांडू."

काटेसाहेबाला हे उत्तर मुळीच पटलं नाही. लबाड माणूस छातीठोक बोलतो, हा त्याचा बावीस वर्षांचा अनुभव. स्वतःहून कबुली देणारा लबाड त्याने पाहिला नव्हता. हा जास्त मुरलेला असणार, असं त्याने ठरवून टाकलं.

घरी आल्यावर त्याने आपल्या पद्धतीने काम सुरू केलं. कारखान्यात जाऊन तो ती फळी मोजून आला आणि तेवढ्याच उंचीवर स्वयंपाकघराच्या भिंतीवर लाल रेघ मारली. सुया टोचून आलेल्या दिवशी संध्याकाळी ताईने भिंतीला टेकून हात वर करायचा, बोटं जिथे पोचतील तिथे हा पेन्सिलीने खूण करणार आणि शेजारी तारीख घालणार. खात्यात त्याला तसंच शिकवलं होतं. बाजारात तपासणीला नेतात ती प्रमाण वजनं तो मखमलीच्या पेटीत ठेवे आणि चिमट्याने उचले, कारण बोटांच्या घामालाही वजन असतं. त्याचे जुने साहेब नेहमी सांगत, दुकानदाराला दंड लिहिण्याआधी आपलं वजन तपासलंय ना, ते बघ. हे वाक्य तो नव्या निरीक्षकांना अजूनही ऐकवत असे.

सुया आठवड्यातून दोनदा होत्या. मंगळवारी दोघांचीही सुट्टी असे, म्हणून तो बरोबर जाई. शुक्रवारी ताई अर्धी रजा टाकून कारखान्यातून परस्पर एकटीच जाई. मंगळवारी निघताना तो थर्मास भरून घेई. बाहेरच्या कॉफीत काय घालतात देव जाणे, कॉफी करावी तर आपणच. साडेतीन चमचे दाबून, पाणी मोजून, उकळी घड्याळ लावून. अशी कडक, की पिणाऱ्याच्या भुवया वर जाव्यात. दवाखान्याच्या बाकावर बसून तो ताईला एक कप भरून देई, तो संपला की दुसरा. ती दोन्ही निमूट पिई. एरवी ती सातला घर सोडी तेव्हा हा अंथरुणात असे, त्यामुळे आपल्या हातची कॉफी ताईला पाजायला त्याला तो एकच दिवस सापडे. त्या दिवसाची तो वाटही पाही.

पहिल्या मंगळवारी हात लाल रेघेच्या एकवीस सेंटिमीटर खाली थांबला. शुक्रवारी बारा. काटेसाहेब मनातून सुखावला, पण तोंडाने फक्त "हं" म्हणाला. पुढच्या मंगळवारी पुन्हा वीस. आणि शुक्रवारी नऊ.

त्याच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. आपण दवाखान्यात हजर असलो की हात खाली, आपण नसलो की हात वर. हा प्रकार त्याने बाजारात शंभरदा पाहिला होता. साहेब समोर असला की काटा एक दाखवतो, साहेबाची पाठ वळली की दुसरं. म्हणजे ही बाई शुक्रवारी काहीतरी करते, जे मंगळवारी माझ्यादेखत करता येत नाही. सुईला औषध लावत असेल. नुसतं औषध नाही, तर असलं जालीम की आज आराम आणि सहा महिन्यांनी हाडं पोकळ. ताईला काही झालं तर या जगात त्याला छोट्या म्हणणारं कुणी उरणार नव्हतं.

मंगळवारी त्याने बाईकडे सरळ दोन बंद सुया मागितल्या. "न्या की," म्हणत बाईने पाच दिल्या. हे तर आणखीच वाईट. जो स्वतःहून तपासायला देतो तो आधीच तयारीत असतो. ऑफिसच्या सर्वांत नाजूक काट्यावर त्याने पाचही सुया तोलल्या, मग स्पिरिटने पुसून पुन्हा तोलल्या. केसाएवढाही फरक निघाला नाही. मग त्याला वाटलं, बाई जागा बदलत असेल. त्याने ताईच्या खांद्यावर, हातावर आणि पायावर जिथे जिथे सुया टोचल्या होत्या तिथे निळ्या पेनाने बारीक गोल काढले.

"अरे, मी काय कापड आहे का, खुणा करायला?" ताई म्हणाली. पण तिने काढू दिले. शुक्रवारी बाईने ते गोल पाहून पोट धरून हसून घेतलं आणि सुया नेमक्या त्यांच्या मध्यभागी टोचल्या, असं नंतर कळलं.

त्या शुक्रवारी काटेसाहेबाने अर्धी रजा टाकली आणि ताईला न सांगता दवाखान्यासमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात जाऊन उभा राहिला. नुसतं उभं राहता येईना, म्हणून त्याने स्वतःच्या ओळखपत्राच्या अकरा प्रती काढल्या. तीनच्या सुमाराला ताई वर गेली, चारला खाली आली. वरच्या खिडकीतून पडद्याशिवाय काही दिसलं नाही. पण ताई रस्त्यावर आली, समोरून बस आली, आणि बस थांबवायला तिने हात वर केला. उजवा. सरळ डोक्याच्या वर, पाच महिन्यांत गेला नव्हता इतका वर.

कुणालाही आनंद झाला असता. काटेसाहेबाला काढलेल्या प्रती उचलायचं भान राहिलं नाही, इतका राग आला. सुया ठीक, जागा ठीक, बाईही ठीक. मग उरली कोण? म्हणजे मी बरोबर आलो, त्या दिवशी ताईच हात मुद्दाम खाली ठेवते. सुतावरून स्वर्ग गाठायला याला एक बस पुरली.

संध्याकाळी ताई भिंतीपाशी उभी राहिली. लाल रेघेच्या पाच सेंटिमीटर खाली. त्याने पेन्सिल खाली ठेवली.

"बसला हात केलास तो मी पाहिला."

ताई वळली. "तू कुठे होतास?"

"समोरच्या दुकानात."

"माझ्यावर पाळत ठेवलीस?"

"तुझ्यावर नाही, बाईवर. पण मंगळवारी मी बरोबर असलो की तुझा हात कानाच्या वर जात नाही, आणि मी नसलो की बस थांबते. आता याचा अर्थ काय काढू मी?"

"म्हणजे मी नाटक करते?"

त्याने नाही म्हणायला हवं होतं. दोन अक्षरी शब्द होता. त्याऐवजी त्याने वहीकडे बघितलं.

ताईचा चेहरा उतरला. "अरे, महिनाअखेर आठ दिवसांवर आलीय," ती म्हणाली. "मंगळवारी तू बरोबर असतोस म्हणून मी जास्त जोर लावते. तरी जात नाही तो वर. मला नसेल का कळत ते? घरी येऊन मी रडते, तेही तू मोजलं नसशील. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं बघायचं वाकून, हे मी नाही शिकवलं तुला." आणि ती आत निघून गेली.

चार दिवस घरात कामापुरतं बोलणं झालं. काटेसाहेबाला खूप लागलं होतं, पण माघार घ्यायची त्याच्या रक्तात नव्हती. सोमवारी त्याने आरोग्य खात्याच्या नावे तक्रार लिहिली: सदर महिला रुग्णांना अज्ञात उपाय करते, निरीक्षणात आढळलेली तफावत सोबत जोडली आहे. तारखा, मापं, सही. बुधवारी नेऊन द्यायची असं ठरवून त्याने ती खिशात घातली. ताईवरचा संशय असा बाईवर ढकलला की त्याला जरा बरं वाटत होतं.

मंगळवारी ताई पुढे आणि हा दोन पावलं मागे, असे ते दवाखान्यात पोचले. बाकावर बसल्यावर त्याने सवयीने थर्मास उघडला आणि कप भरून पुढे केला.

"नको," ताई म्हणाली.

"का?"

"नको म्हटलं ना. मला नकोय तुझी कॉफी."

असं ती कधी म्हणाली नव्हती. त्याने कप परत थर्मासात ओतला, झाकण घट्ट लावलं आणि थर्मास काखेत धरून तो आत गेला. स्वतःही प्यायला नाही.

सुया टोचून झाल्या. तो खाटेशी उभा राहून एकेक मोजत होता; त्या दर वेळेइतक्याच नऊ होत्या. वीस मिनिटं झाली, बाईने त्या काढल्या आणि म्हणाली, "हं, बघू या हात."

ताईने डोळे मिटले आणि हात उचलला. कानापाशी आला. इथे दर मंगळवारी तिचा चेहरा वाकडा व्हायचा. आज झाला नाही. हात कानावरून पुढे गेला, डोक्यावरून वर गेला आणि पडद्याच्या दांडीला लागला. दांडीचा आवाज झाला तेव्हा ताईने डोळे उघडून वर बघितलं.

"पुन्हा करा," काटेसाहेब म्हणाला. बहिणीला त्याने चुकून अहो-जाहो केलं होतं.

ताईने पुन्हा केला. दांडी पुन्हा वाजली.

पहिला विचार त्याच्या स्वभावाप्रमाणेच आला, की भांडणानंतर मला दाखवायला करतेय. पण दुखणाऱ्या हाताने कुणी असं दाखवू शकत नाही, तेवढं त्यालाही कळत होतं. मग बावीस वर्षांची सवय कामाला लागली. खोली तीच. सुया त्याच, जागा त्याच, साक्षीदार तोच. आज वेगळं काय? तो विचार करत उभा होता आणि काखेत काहीतरी जड लागत होतं. थर्मास. दर मंगळवारी या वेळेला तो रिकामा असे. वजनातला फरक या माणसाच्या अंगाला न सांगता कळत असे, आणि आज तो फरक त्याच्या स्वतःच्या काखेत होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच.

"बाई," त्याने सावकाश विचारलं, "ती अफूसारखी द्रव्यं अडवणारं औषध असतं, म्हणालात ना. तसं त्या पहिल्या द्रव्याला अडवणारं काही असतं का? ते ॲडे..."

"ॲडेनोसीन. असतं की. आपल्या सगळ्यांच्या घरात असतं. कॉफी." बाई सुया डब्यात टाकत होती. "नसेवर ॲडेनोसीन ज्या खुर्चीवर बसतं, तिच्यावर कॉफीतलं कॅफीन आधीच जाऊन बसतं. मग त्याला बसायला जागाच राहत नाही. उंदरांवरच्या प्रयोगांत कॅफीन दिल्यावर सुईचा आराम गेलेला दिसलाय. माणसांत अजून एवढं पक्कं नाही, पण मी आपली फॉर्ममध्ये विचारून ठेवते. ताईंना तसला काही प्रश्नच नाही म्हणा." तिने फाईल उघडली आणि दोन रेघांवर बोट ठेवलं. "कसलंही नाही."

बाईने चष्म्यावरून आधी ताईकडे आणि मग त्याच्याकडे पाहिलं. "हे अक्षर कुणाचं?"

गप्प बसला असता तर निभावलं असतं. हजार दुकानदार असेच गप्प बसलेले त्याने पाहिले होते. त्याने थर्मास टेबलावर ठेवला.

"साडेतीन चमचे," तो म्हणाला. "दोन कप. दर मंगळवारी, बाहेरच्या बाकावर. मीच पाजतो."

बाईने कपाळावर हात मारला. मग तिने आपली वही काढून त्याच्यापुढे धरली. प्रत्येक मंगळवारच्या पुढे तिने लिहिलं होतं: 'भाऊ सोबत', आणि पुढे प्रश्नचिन्ह.

"खरं सांगू? मला तुमचाच संशय होता," ती म्हणाली. "वाटलं, तुम्ही डोळे वटारून उभे राहता म्हणून या आखडतात. आज तुम्हाला बाहेर बसवणार होते, तेवढ्यात हे झालं. आता एका दिवसावरून मी काही शपथेवर सांगणार नाही. शुक्रवारीही कॉफी बंद. मग बघू."

काटेसाहेब ताईकडे वळला. रडू येत होतं, म्हणून तो रागावला. "पण तुला कॉफी एवढी आवडते तर सकाळी घरी का नाही पीत? मी मूर्खासारखा मंगळवारच्या मंगळवारी..."

"मला?" ताई खाटेवरून खाली उतरली. "मला कॉफी कधीच आवडली नाही, छोट्या."

"कधीच?"

"आई गेली त्या आठवड्यात मी पहिल्यांदा कारखान्यातून घरी आले. तू दारात कप घेऊन उभा होतास. कॉफी करपली होती. दोन बोटं भाजून घेतली होतीस आणि ती पाठीमागे लपवली होतीस. काय म्हणणार होते मी?"

"छान झालीय म्हणालीस."

"मग? तू खरं मानलंस. आणि दर वर्षी आणखी कडक करत गेलास."

बाईला हसू आलं, पण ती पडद्याकडे तोंड करून हसली. काटेसाहेब जागीच उभा राहिला. या जगात त्याने एकच शब्द न तपासता खरा मानला होता, छत्तीस वर्षं मानला होता, आणि तोच खोटा निघाला होता. आणि तो ज्या मायेने बोलला गेला होता तिच्यावर त्याने चार दिवसांपूर्वी नाटकाचा आरोप ठेवला होता. त्याला स्वतःची इतकी लाज वाटली की बूट कुठे काढलेत तेही आठवेना. दुकानदाराच्या पारड्याखाली हा बोटं फिरवत राहिला आणि इथे याचंच बोट पारड्यावर होतं.

त्याने बाईकडून फॉर्म मागून घेतला. 'कसलंही नाही' यावर एक आडवी रेघ मारली, वर 'कॉफी, मंगळवारी, भावाच्या आग्रहाखातर' असं लिहिलं आणि खाडाखोड केली म्हणून नियमाप्रमाणे शेजारी सही केली. खिशातली तक्रार काढून तिचे चार तुकडे केले आणि सुयांच्या डब्यात टाकायला गेला.

"त्यात नको, तो वापरलेल्या सुयांचा आहे," बाई म्हणाली. "कागदांची टोपली खाली."

घरी जाताना दोघं बरोबरीने चालत होते. कोपऱ्यावर तो म्हणाला, "ताई, त्या दिवशी मी नाही म्हणायला हवं होतं."

"हो, हवं होतं," ताई म्हणाली, आणि तिने पिशवी त्याच्या हातात दिली. माफीचं एवढंच झालं, पण तेवढं पुष्कळ होतं.

शुक्रवारी संध्याकाळी ताईची बोटं लाल रेघेवर पोचली. पेन्सिलीची खूण नेमकी रेघेतच बुडाली. काटेसाहेबाने दिव्याजवळ जाऊन तीनदा बघितलं, आणि आज बघणं संशयापोटी नव्हतं.

शनिवार हा महिन्याचा शेवटचा दिवस. सकाळी साडेसहाला तो उठून स्वयंपाकघरात आला, तेव्हा ताईने कपाटातून कात्री काढली होती आणि फडकं सोडून तिचं पातं बघत होती. आज फळीवरून तागा काढायचा होता. अशा दिवशी तिला काहीतरी द्यावं असं त्याला फार वाटलं, आणि द्यायला त्याला एकच गोष्ट येत होती. त्याचा हात आपोआप कॉफीच्या डब्यावर गेला. मग तो तसाच थांबला, डबा छातीशी धरून.

ताईने कात्री पिशवीत टाकली, त्याच्या हातातून डबा घेतला, उजवा हात वर केला आणि तो सगळ्यात वरच्या फळीवर, मागे भिंतीला टेकवून ठेवला. ती फळी लाल रेघेच्या चांगलीच वर होती. किती वर, ते त्याने मोजलं नाही.

"इथे राहू दे," ती म्हणाली. "तुझा हात काही तिथवर पोचायचा नाही. प्यावीशी वाटली तर मला सांग, मी काढून देईन."

"दुखलं?" त्याने विचारलं.

"थोडं," ताई म्हणाली.

या वेळी ती छान म्हणाली नव्हती, म्हणून त्याने ते लगेच खरं मानलं.